डाव्या फुफ्फुसात किती रक्त जातं हे कोणी मोजलंच नव्हतं

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लहान लेकरांच्या हृदयाच्या फुकट ऑपरेशनची बातमी वाचली, फोटोत सगळ्या आया हातात फाईल घेऊन हसत उभ्या होत्या, अन् मला माझाच जुना दिवस आठवला, मीही अशीच उभी होती. बातमी चांगली आहे, अशा बातम्या आल्याच पाहिजेत, त्यामुळं तर खेड्यातले लोक लेकराला दवाखान्यात न्यायला तयार होतात. पण ऑपरेशन झाल्यावर पुढं काय, कोणती तपासणी, किती वर्षं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती, आणि माझं सगळं सांगणं तिथूनच सुरू होतं. पत्र लांब होईल, जागा नसेल तर माझ्या घरचं कापा पण कोणत्या फुफ्फुसात किती रक्त जातं ते मोजणाऱ्या लंग परफ्युजन स्कॅनचं कापू नका एवढी विनंती आहे.

मी वरूड तालुक्यात एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे, घरी संत्र्याचा बगीचा आहे, तो पोरीचे बाबा पाहतात. आमची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती सात-आठ महिन्यांची असताना रडली की तिचे ओठ अन् नखं जांभळी पडायची, सासूबाई म्हणत थंडी बाधली असेल. मी गावातल्या सगळ्या लेकरांचं वजन करते, कार्डावर रेघ ओढते, आणि माझ्याच लेकराची रेघ वर चढत नव्हती हे मला दर महिन्याला दिसत होतं पण मी ते कोणाजवळ बोलली नाही, का बोलली नाही हे आजही मला नीट सांगता येत नाही. मग आरबीएसकेची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणतात तो, २०१३ पासून सुरू आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी करतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात अन् शाळेत एकदा. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली, परत पाठीवर लावली, अन् मला म्हणाल्या ताई तुम्ही जरा बाजूला या. मी समजून गेली.

आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो, टीओएफ म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुफ्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्राच्या वर सरकलेली अन् उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, असे चार दोष एकाच वेळी. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८८८ मध्ये हे चार दोष एकत्र मांडले होते म्हणून त्याचं नाव. पोरगी दीड वर्षाची असताना मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून झालं, तेव्हा ती राजीव गांधी जीवनदायी होती, आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. एक रुपया लागला नाही. छिद्र बंद केलं, वाट मोकळी केली, ओठ गुलाबी झाले, आम्ही गावात पेढे वाटले. त्या डॉक्टरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, हे आधीच लिहून ठेवते कारण पुढं मी जे लिहिणार ते वाचून कोणाला वाटायला नको की ही बाई उपकार विसरली.

डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या आणि तोंडी सांगितलं की दरवर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. आम्ही दरवर्षी केला, एकही वर्ष चुकवलं नाही. दरवर्षी तेच ऐकलं, ठीक आहे, थोडं प्रेशर दिसतं, पुढच्या वर्षी या.

पोरगी आठ वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या रस्त्यावर जो रपटा म्हणजे ठेंगणा पूल आहे तिथं ती रोज बसायला लागली. बाकीच्या पोरी पुढं निघून जायच्या अन् ही दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मला वाटलं कंटाळा करते, एकदा तर मी रागावली पण. मग गुरुजी म्हणाले की खेळाच्या तासालाही बसूनच राहते. मी इको करणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी परत तपासलं, म्हणाले हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, जेवणाकडं लक्ष द्या. दोन वर्षं अशीच गेली. मी कोणा डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, त्यांनी जे मशीनवर दिसलं तेच सांगितलं. प्रश्न असा आहे की मशीनवर जे दिसतच नाही ते कोण सांगणार.

हे मला नंतर नागपूरच्या एका लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून फुफ्फुसाकडं जाणारी एक मोठी धमनी निघते, तिला पुढं दोन फांद्या फुटतात, एक उजव्या फुफ्फुसात जाते एक डाव्या. इको म्हणजे आवाजाच्या लाटा, आणि त्या लाटा हवेतून नीट पलीकडं जात नाहीत. फांद्या जशा फुफ्फुसात शिरतात तशी पुढं हवाच हवा, त्यामुळं त्या दिसत नाहीत, अन् लेकरू जसं मोठं होतं तशी छाती मोठी होते, फुफ्फुस मध्ये येतं, आणखीच दिसत नाहीत. आणि टीओएफच्या लेकरांमध्ये नेमकी डावी फांदी सुरुवातीलाच आवळलेली असू शकते, कारण पोटात असताना तिथं डक्टस नावाची एक नळी जोडलेली असते, जन्मल्यावर ती आपोआप बंद होते, आणि बंद होताना कधी कधी शेजारच्या फांदीला पण आवळून घेते. जसं बंद करताना पिशवीचा बंद ओढला तर बाजूचं कापड गोळा होतं. ऑपरेशनच्या वेळी थोडी बारीक असलेली फांदी पुढं बाकी शरीर वाढलं पण ती वाढली नाही असंही होतं.

मग सिटी स्कॅन केला. त्यात दिसलं, डावी फांदी मुळाशीच बारीक. मी म्हटलं झालं, सापडलं, आता दुरुस्त करा. तर डॉक्टर म्हणाले थांबा, नळी किती बारीक आहे ते दिसलं, पण त्यातून रक्त किती जातं ते अजून दिसलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी तिच्या नळीत हात घालणार नाही. मग तो प्रेशरचा हिशोब. दरवर्षी इकोत थोडं प्रेशर आहे म्हणत होते ना, ते थोडंच का होतं हे ऐकून मी तर सुन्न झाली. एक फांदी आवळली तर रक्त तिथं धक्के मारत बसत नाही, ते सरळ दुसऱ्या मोकळ्या फांदीत जातं. त्यामुळं आवळलेल्या जागेवर प्रेशरचा फरक कमीच येतो. म्हणजे आकडा लहान आला म्हणून आजार लहान असं नाही, उलट रक्तच तिकडं जात नाही म्हणून आकडा लहान.

मला हे पटायला वेळ लागला पण पोरीच्या बाबांना एका मिनिटात समजलं. बाहेर येऊन चहा पिताना ते म्हणाले, आपल्या ठिबकचं असंच तर आहे, सबमेनच्या मोठ्या नळीवरून लॅटरलच्या दोन बारीक नळ्या निघते, एक मुडपली तर पाणी दुसरीत जाते, मग फिल्टरजवळचा प्रेशरचा काटा पाहून काय समजणार, ड्रिपरखाली डब्बा ठेवून पाहा लागते ना किती वेळात किती भरला. आमच्याकडं ज्यांची संत्र्याची झाडं एका ओळीत पिवळी पडतात ते सगळे हेच करतात, काट्यावर भरवसा ठेवत नाहीत, डब्बा ठेवतात. डॉक्टरांनी करायला सांगितलेला लंग परफ्युजन स्कॅन म्हणजे तो डब्बा आहे. झाडापाशी पाणी पोचलं का, किती पोचलं, एवढंच तो मोजतो, आणि तेवढंच आम्हाला आठ वर्षं कोणी मोजून दिलं नव्हतं.

आता तो स्कॅन कसा करतात ते लिहिते, कारण भीती इथंच वाटते. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात करतात. हाताच्या शिरेत एक छोटं इंजेक्शन देतात. त्या औषधात अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनचे अगदी बारीक कण असतात, अल्ब्युमिन आपल्या रक्तात असतंच, आणि त्या कणांना टेक्नेशियम-९९एम नावाचा किरण सोडणारा पदार्थ चिकटवलेला असतो. कण केवढे, तर एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दहा ते नव्वद भाग एवढे. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या त्याहून अरुंद. मग शिरेतून कण हृदयाच्या उजव्या बाजूला जातात, तिथून रक्तासोबत फुफ्फुसात जातात आणि बारीक वाहिनीत अडकून बसतात. जिकडं जास्त रक्त गेलं तिकडं जास्त कण, जिकडं कमी गेलं तिकडं कमी. नंतर गॅमा कॅमेरा ते किरण मोजतो, पुढून पण अन् मागून पण, कारण डावीकडं पुढच्या बाजूनं हृदय आडवं येतं, एकाच बाजूनं मोजलं तर डाव्याचा हिशोब चुकेल. मग एकूण शंभरातले किती उजवीकडं किती डावीकडं असा आकडा निघतो.

अडकून बसतात हे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला होता, म्हणून विचारून घेतलं. हजारात एका वाहिनीतसुद्धा कण बसत नाही एवढं त्यांचं प्रमाण कमी ठेवतात, लहान मुलांना आणखी कमी, आणि काही तासांत शरीर ते कण फोडून बाहेर टाकतं. ज्यांच्या हृदयात अजून छिद्र आहे आणि रक्त उजवीकडून डावीकडं जातं, किंवा फुफ्फुसाचं प्रेशर फार वाढलेलं आहे, त्यांना कण अजून कमी देतात, म्हणून जुनी फाईल सोबत न्यायची अन् कोणतं ऑपरेशन झालं हे नीट सांगायचं, हे महत्त्वाचं आहे. ग्लेन नावाचं ऑपरेशन झालेली लेकरं असतात त्यांच्यात हातातलं रक्त थेट फुफ्फुसात सोडलेलं असतं, तिथं नुसत्या हातातल्या इंजेक्शनवर हिशोब चुकतो, पायातूनही द्यावं लागू शकतं.

घरी सासूबाईंनी तर रडारड केली. काहून नेऊन रायली वं तिले तिथं, अणूचं इंजेक्शन देतेत म्हणे, पोरीची जात आहे, उद्या लेकरंबाळं होतीन का तिले. शेजारची म्हणाली केस जातात. कॅन्सरचा शेक देतात तो वेगळा अन् हे वेगळं, पण गावात किरण म्हटलं की सगळं एकच. मी डॉक्टरांना सगळ्यांसमोर फोन लावून स्पीकरवर विचारलं. त्यांनी सांगितलं की या स्कॅनमध्ये साधारण एक ते दोन मिलिसिव्हर्ट किरण लागतात, आणि माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षभरात जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेच मिळत असतात, घरी बसून. टेक्नेशियम दर सहा तासांनी अर्धं होतं, दुसऱ्या दिवशी जवळपास काही उरत नाही. केस जात नाहीत, पुढं मूल व्हायला अडचण येत नाही. त्या दिवशी पोरीला पाणी भरपूर पाजा, लघवीला जाऊ द्या, गरोदर बाईच्या अन् तान्ह्या बाळाच्या फार जवळ बसवू नका, बस. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत पण सकाळी निघताना त्यांनीच पोरीच्या हातात लाडू दिला.

त्या सहा तासांच्या हिशोबानं आमची एक फेरी वाया गेली ते पण सांगते. आम्हाला सकाळी दहाला बोलावलं होतं. वरूडहून काटोलमार्गे येताना बस बंद पडली, दुसरी बस येईपर्यंत अकरा वाजून गेले, आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन. टेक्निशियन दादानं सांगितलं की औषध सकाळी बनवतो, सगळे पेशंट एकाच दिवशी बोलावतो, आता ते उतरलं, परत पुढच्या आठवड्यात या. मला आधी राग आला, मग त्यानंच समजावलं. मॉलिब्डेनम नावाचा पदार्थ एका शिशाच्या डब्यात येतो, तो हळूहळू टेक्नेशियममध्ये बदलत राहतो, साधारण सहासष्ट तासांनी अर्धा होतो, आणि रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम धुऊन काढून घ्यायचं. त्याला ते लोक दूध काढणं म्हणतात अन् त्या डब्याला गाय. सकाळी दूध काढलं, त्यात अल्ब्युमिनच्या बाटलीतलं औषध मिसळलं, की ते काही तासांतच वापरावं लागतं. आपल्या देशात हे वाशीला ब्रिट म्हणून सरकारी संस्था आहे तिथं बनतं. म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळीच शहरात जाऊन थांबा, सकाळच्या बसवर राहू नका. आम्ही पुढच्या वेळी तसंच केलं, नातेवाइकाकडं राहिलो.

त्या दिवशी मी आत बसली होती. दादानं सिरिंज दोन्ही हातात धरून हळूहळू फिरवली, खाली बसलेले कण वर यायला पाहिजे म्हणून, आपण सिरपची बाटली हलवतो तसं. पोरीला उताणं झोपवलं आणि झोपलेल्या अवस्थेतच इंजेक्शन दिलं, बसवून दिलं तर रक्त खालच्या भागात जास्त जातं अन् चित्र चुकतं. श्वास रोखायचा नाही, नेहमीसारखा घ्यायचा. एक सपाट कॅमेरा छातीच्या वर आला, एक पाठीखाली. पोरगी म्हणाली, आई, मले काहीच दुखून नाही रायलं. मी समोरच्या स्क्रीनकडं पाहत होती. आधी काळं होतं सगळं, मग एक एक ठिपका पडायला लागला, मग भराभर. एका बाजूला ठिपके दाट होत गेले, फुफ्फुसाचा आकार भरून आला, वर-खाली, काठापर्यंत. दुसऱ्या बाजूला पडत होते पण विरळ, मध्ये मध्ये काळं तसंच राहिलेलं. कपाशी उगवल्यावर एका ओळीत मध्ये मध्ये नांग्या पडाव्यात तसं. मला कोणी काही सांगायची गरज राहिली नाही. वीस-पंचवीस मिनिटं मी ते पाहत होती अन् माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो रपटा येत होता, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, आणि मी तिला रागावलेली.

रिपोर्ट आला, डावीकडं २२ टक्के, उजवीकडं ७८. चांगल्या माणसात उजवीकडं ५५ अन् डावीकडं ४५ च्या आसपास असतं, उजवं फुफ्फुस थोडं मोठं असतं म्हणून. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं आहे की दोन बाजूंची वाटणी ३५ आणि ६५ किंवा त्याहून वाईट असेल तर नळी रुंद करायचा विचार करावा, हे डॉक्टरांनी मला वहीत लिहून दिलं. आमचा आकडा त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे पोरगी जवळपास एका फुफ्फुसावर शाळेत जात होती. आणि नुसता थकवा येतो एवढंच नाही, उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, टीओएफच्या ऑपरेशननंतर फुफ्फुसाकडच्या झडपेतून रक्त मागं गळत असतंच बऱ्याच जणांत, पुढं आवळलेलं असलं की ते गळणं वाढतं. वाढत्या वयात ज्या फुफ्फुसाला रक्त कमी मिळतं त्याच्या रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत. त्यामुळं उशीर करण्यात तोटाच आहे.

मांडीच्या शिरेतून तार घालून फुगा फुगवला आणि जाळीची नळी बसवली, स्टेंट. छाती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी घरी. मोठी झाल्यावर तोच स्टेंट परत फुग्यानं रुंद करता येतो असा बसवला आहे. सहा महिन्यांनी परत तोच स्कॅन, या वेळी डावीकडं ४१. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आहे, अजून आहे. स्टेंट बसवल्यावर एमआरआयवर त्या जागेचं मोजमाप बिघडतं कारण धातू मध्ये येतो, एमआरआयनंसुद्धा दोन्ही बाजूचं रक्त मोजता येतं अन् त्यात किरण नसतात पण लेकराला बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं, लहान असेल तर भूल द्यावी लागते. लंग स्कॅनला धातूचा असा त्रास नाही, म्हणून आमच्या पोरीला पुढंही तोच.

या स्कॅनमध्ये सगळंच कळतं असंही कोणी समजू नये, नाहीतर माझ्या पत्रानं उलटं व्हायचं. तो फक्त वाटणी सांगतो. दोन्ही फांद्या सारख्याच आवळल्या असतील तर पन्नास-पन्नास येईल अन् आपण खूष होऊ, आणि आजार तसाच. कुठं आवळलं आहे ते तो सांगत नाही, त्याला सिटी लागतो. म्हणून इको, सिटी अन् स्कॅन एकमेकांच्या जोडीला, कधी शिरेतून नळी घालून करतात ती कॅथ तपासणी पण. हे लहान मुलांपुरतंही नाही. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून ती विरघळली नाही तर तिथं धमनी कायमची अरुंद होऊन बसते, अशा माणसांचा दम वाढतच जातो अन् गावात त्याला दमा समजून पंप देत राहतात, त्यांच्यासाठी हाच स्कॅन श्वासातली हवा कुठं पोचते ते दाखवणाऱ्या स्कॅनसोबत करतात आणि तो सगळ्यात आधी करायचा असं डॉक्टर सांगतात. ताकायासू म्हणून एक आजार तरुण बायांमध्ये जास्त दिसतो, त्यातही मोठ्या धमन्या सुजून आवळतात, फुफ्फुसाच्या पण.

आता माझी तक्रार. स्टेंट योजनेत बसला, सगळा खर्च सरकारनं केला. पण त्याआधीचा स्कॅन बसला नाही, सहा महिन्यांनंतरचा पण नाही. खिडकीवर सांगितलं की भरती नाही, ऑपरेशन नाही, नुसती तपासणी आहे, म्हणून पैसे भरा. आमचे मृग बहाराचे पैसे नुकतेच आले होते म्हणून भरले. ज्याच्या घरी त्या महिन्यात पैसे नसतील तो काय करेल, तो म्हणेल इकोत तर ठीक आहे, पुढच्या वर्षी पाहू. मला माहीत आहे, कारण मी अशाच घरांमध्ये रोज जाते. योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली, चांगलंच झालं, पण त्या पाच लाखांत ऑपरेशननंतर मोजमाप करणारा स्कॅन बसत नसेल तर आधी केलेल्या खर्चाचं काय झालं हे सरकारला कधी कळणारच नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लेकरांना पुढची काही वर्षं हा स्कॅन योजनेत द्यावा, भरती नसली तरी, आणि गाडीभाड्यासकट द्यावा. वरूड तालुक्यातून नागपूरला दोन माणसं अन् एक लेकरू जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते.

दुसरं म्हणजे डिस्चार्जचा कागद मराठीत द्या. काय ऑपरेशन झालं, कोणत्या वर्षी कोणती तपासणी, लेकरू थकायला लागलं तर इकोवर थांबू नका, एवढं एका पानात मावतं. आम्ही गरोदर बायांचं कार्ड मराठीत भरतो, लसीकरणाचं कार्ड मराठीत आहे, मग हृदयाचंच का नाही. आणि आरबीएसकेच्या टीमकडं ज्या पोरांचं ऑपरेशन झालं त्यांची पण यादी पाहिजे, फक्त नवीन पेशंट शोधून काढायची यादी नको. माझ्या पोरीला त्यांनीच शोधलं, पण ऑपरेशन झाल्यावर तिचं नाव जणू काम झालं म्हणून खोडून टाकलं, पुढं दरवर्षी शाळेत टीम येत होती अन् तिला विचारत नव्हती की तू रपट्यावर का बसतेस.

हे पत्र लिहायला मी आज बसली त्याला बातमी एक कारण आहे, दुसरं असं की आमच्या बीटमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या अंगणवाड्यांच्या गावांत, मी विचारत फिरली तेव्हा आणखी दोन पोरं सापडली. एकाचा इको झाला आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं आणि तेव्हापासून त्याला कोणी नेलंच नाही, वडील वारले, आई मजुरीला जाते. काल संध्याकाळी मी अन् त्याची आई फाईल शोधत होतो, पेटीत नव्हती, शेवटी गव्हाच्या कोठीमागं पिशवीत सापडली, वरचे दोन कागद उंदरानं कुरतडले होते पण ऑपरेशनचं नाव वाचता येतं, टीओएफच आहे. पोरगा नऊ वर्षांचा आहे, चालून दाखव म्हटलं तर अंगणाच्या दोन फेऱ्यांत बसला. सोमवारी मी सुट्टी टाकली आहे, रविवारी संध्याकाळच्या बसनं आम्ही तिघं नागपूरला निघतो.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. वरूड, जि. अमरावती